मंडपातल्या पडद्यावर यंदा काय लावावं: सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी आणि सांस्कृतिक समितीचे सर्व सभासद
मुक्काम आपलाच मंडप, लालबाग

स.न.वि.वि.

गणपतीत पाच रात्री मंडपात चित्रपट दाखवायचं ठरलं, त्याची यादी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागली आहे. मथळा, ‘पाच अजरामर कलाकृती’. यादीत ‘श्यामची आई’, ‘शोले’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आणि ‘सैराट’. खाली बारीक अक्षरात ‘सूचनांचे स्वागत आहे’. हे वाक्य तुम्ही दरवर्षी लिहिता आणि दरवर्षी कुणी सूचना करत नाही, त्यामुळे तुम्हाला सवय नसणार. यंदा मी करते. खुलं पत्र अशासाठी, की ग्रुपवर लिहिलं तर दोन मिनिटांत हात जोडलेले इमोजी येतात, पाठोपाठ कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक येतो आणि विषय तिथेच बुडतो.

मी समीक्षक नाही. चित्रपटाच्या कुठल्या शिबिराला गेलेली नाही, फिल्म सोसायटीची सभासदही नाही. भारतमाता, प्लाझा, हिंदमाता या पट्ट्यात तिकीट काढून पाहिलेले, नंतर दूरदर्शनवर रविवारी पाहिलेले आणि आता मोबाइलवर सुनेच्या पासवर्डनं पाहिलेले चित्रपट, एवढंच माझं भांडवल. आवडला तर दहा जणींना सांगायचं, नाही आवडला तर तिकिटाच्या पैशांसाठी आठवडाभर हळहळायचं, असा प्रेक्षक.

यादीतला एकही चित्रपट वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. पण ही यादी सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखी झाली आहे. कुणाला वर्ज्य नाही आणि दुसऱ्यांदा कुणी मागून घेत नाही. रिहॅब विंगची (म्हणजे चाळीतून आलेल्या आपल्या जुन्या रहिवाशांची) तक्रार नको, सेल विंगची (फ्लॅट विकत घेऊन आलेल्यांची) नको, ज्येष्ठांची नको, पोरांची नको, असं करत करत पाच नावं उरली आणि त्यांना तुम्ही अजरामर म्हटलंत. माझं मागणं एवढंच आहे की चित्रपट संपल्यावर खुर्च्या गोळा करता करता माणसं तावातावानं बोलली पाहिजेत. त्या हिशेबानं एकेक पाहू.

‘बनवाबनवी’पासून सुरू करते, कारण याच्याविरुद्ध ब्र काढला तर लालबागमध्ये मारामारी होऊ शकते. १९८८चा चित्रपट. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ऐन भरात, वर सुधीर जोशींचा घरमालक. गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, पण मूळ हिंदी आज कुणाच्या लक्षात नाही आणि मराठी शेंबड्या पोराला पाठ आहे. तोच घोटाळा झालाय. हा चित्रपट आपण आता पाहत नाही, नुसता म्हणतो. पडद्यावर वाक्य यायच्या आत मागच्या रांगेतून ते ओरडलं जातं. अशोक सराफ वाक्य टाकायच्या आधी अर्धा क्षण थांबतात, समोरच्याकडे एकदा बघून घेतात आणि मग तोंड उघडतात. विनोद सगळा त्या थांबण्यात आहे, आणि नेमकं तेच आपल्या मंडपात कुणाला दिसत नाही.

आणि गोष्ट कशाची आहे? चार तरण्या पोरांना कुणी जागा भाड्यानं देत नाही, म्हणून त्यांतले दोघं बायकी वेष घेऊन बायका म्हणून राहतात. आपल्या गेल्या सर्वसाधारण सभेत ‘अविवाहित मुलांना फ्लॅट भाड्याने देऊ नये’ असा ठराव झाला. सूचक, अनुमोदक आणि टाळ्या वाजवणारे बरेचसे याच समितीत आहेत. ‘बनवाबनवी’ लावायचाच असेल तर लावा. फक्त त्या रात्री ठरावाची प्रत पडद्याशेजारी चिकटवा, म्हणजे नेमकं हसायचं कशाला हे लोकांना ठरवता येईल.

‘श्यामची आई’च्या पुढे तुम्ही कंसात ‘बालगोपाळांसाठी’ लिहिलंय. आचार्य अत्र्यांचा हा १९५३चा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याला मिळालं, हे सगळं तुमच्या सूत्रसंचालकाकडून आम्ही ऐकणारच आहोत. पण मुलांना तिथे संस्कारासाठी म्हणून बसवलंत, तर ती पहिल्या वीस मिनिटांत वडापावच्या गाडीकडे पळतील आणि मी त्यांना दोष देणार नाही. साने गुरुजींची ही आई आपण उगाच मऊ करून ठेवली आहे. पोहायला जायला घाबरून दडून बसलेल्या पोराला झोडपून विहिरीवर धाडणारी बाई आहे ती. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर जो करारीपणा आहे, तो पाहायचा सोडून आपण नाक पुसत बसतो. मुलांना एवढंच सांगा, की यात एक हट्टी, उपद्व्यापी मुलगा आहे आणि त्याला पुरून उरणारी आई. कर्जापायी घराची होणारी बेअब्रू सेल विंगमधल्या आईबापांना समजावून सांगावी लागणार नाही. हप्ते सगळ्यांचेच चालू आहेत.

‘शोले’बद्दल माझं मत ऐकून आमच्या मजल्यावरचे एक काका माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. तरी सांगते. असरानींचा जेलर आणि जगदीपचा सूरमा भोपाली मिळून जो वेळ खातात, तो कापला तर चित्रपटाचं काही बिघडत नाही. बाकीचा चित्रपट मात्र लोक सांगतात त्याहून चांगला आहे, आणि लोक सांगतात त्या कारणांसाठी नाही. गब्बरच्या आरडाओरड्यापेक्षा मला त्याच्या हातावर चढलेली मुंगी आठवते. इमामसाहेबांचा पोरगा अहमद त्याच्या ताब्यात सापडलाय. गब्बर आडवा पडून मुंगीकडे बघतो, तिला चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात येतो. मारणं दाखवलेलंच नाही. आजचा दिग्दर्शक तिथे दहा मिनिटं रक्त उडवेल. तसंच जया भादुरीचं. ती वरच्या सज्जात एकेक दिवा विझवत जाते आणि खाली अमिताभ माउथ ऑर्गन वाजवत बसतो. त्या दोघांत जवळपास बोलणं नाही आणि अख्ख्या चित्रपटातली प्रेमकथा तीच. बसंतीचं नाचणं त्याच्यापुढे काहीच नाही.

पण ‘शोले’ मंडपात लावू नका, आणि याचं कारण कलेशी निगडित नाही. तो तीन तासांहून बराच मोठा आहे. आपली आरती आठला सुरू होते आणि प्रत्येक विंगच्या हौशी गायकांची वर्णी लागेपर्यंत नऊ वाजतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम; सणाच्या ठरावीक दिवशीच तो बारापर्यंत चालतो. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरनं ठाकूरला गब्बरचा जीव घेऊ दिला नाही, म्हणून प्रदर्शित झालेल्या चित्रपटात शेवटी पोलीस येऊन त्याला थांबवतात. आपल्याकडेही पोलीसच येऊन थांबवतील, फक्त ते अर्धा तास आधी येतील. मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. तिथे आरती नव्हती.

‘दिलवाले’ १९९५पासून मुंबई सेंट्रलला मराठा मंदिरमध्ये चालतोय. ज्याला पाहायचाय त्यानं बसनं जावं, तिकीट काढावं, मोठ्या पडद्यावर बघावं. मंडपात त्याचं प्रयोजन काय? शिवाय या चित्रपटाशी माझं एक जुनं भांडण आहे. त्यातली आई, फरीदा जलाल, मुलीला दागिने देऊन सांगते की याच्याबरोबर निघून जा, मी मन मारून जगले, तू जगू नकोस. अख्ख्या चित्रपटात शहाणं बोलणारी ती एकटी. आणि नायक काय करतो? तिला नकार देतो आणि बापाची परवानगी मिळेपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवतो. शेवटी बापानं हात सोडला की थिएटर टाळ्या वाजवतं. आईनं तासाभरापूर्वीच सोडला होता, तेव्हा कुणी वाजवल्या नाहीत. आमच्या पिढीच्या बायकांना हे खटकलं होतं, पण गाणी इतकी चांगली होती की बोललो नाही.

आता ‘सैराट’. हा यादीत आहे याचा मला आनंद आहे आणि भीतीही आहे. त्यातलं एक गाणं विसर्जनाच्या मिरवणुकीत आपल्या सोसायटीपुढे किती वेळा वाजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मीही नाचले आहे, कंबर दुखेपर्यंत. पण बऱ्याच जणांनी ‘सैराट’ मध्यंतरापर्यंतच मनात ठेवलाय. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, उसाचं रान, अजय-अतुलची वाद्यं. माझ्या मते नागराज मंजुळ्यांचा खरा चित्रपट दोघं हैदराबादला पोचल्यावर सुरू होतो. गाणी थांबतात. पाटलाची पोरगी झोपडपट्टीतल्या खोलीत नाक धरून उभी राहते, तिला पाणी नको, तिथला संडास नको. प्रेम करून पळून आलेली दोन पोरं घाणेरड्या कपड्यांवरून भांडतात, संशयावरून भांडतात, आणि मग हळूहळू संसाराला लागतात. मराठी पडद्यावर संसार इतका खरा क्वचित दिसला. रिंकू राजगुरूनं तो भाग ज्या वयात केला, ते वय आपल्या मुलींचं दहावीच्या क्लासचं.

शेवट सगळ्यांना माहीत आहे, तरी तो लिहीत नाही. एवढंच म्हणते, की तिथे मंजुळ्यांनी आवाज काढून घेतलाय. पूर्ण. तेव्हा आपल्या डीजेवाल्या पोरानं ‘साउंड गेला’ समजून वायरी हलवू नयेत, त्याला आधी सांगून ठेवा. आणि चित्रपट संपल्याबरोबर ‘आता लकी ड्रॉ’ अशी घोषणा नको. नवीन भाडेकरू आला की त्याचं आडनाव विचारून आपसात नजरा फिरवणारे लोक आपल्यात आहेत. मी नावं घेत नाही. त्यांना त्या रात्री दोन मिनिटं गप्प बसू द्या, त्यांच्या तब्येतीला बरं असतं.

थोडक्यात, ‘सैराट’ ठेवा, ‘श्यामची आई’ कंस काढून ठेवा, उरलेल्या तीन रात्री माझ्या हवाली करा.

एक रात्र ‘संत तुकाराम’ला. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, प्रभात फिल्म कंपनी, १९३६. नाव ऐकताच समितीतली तरुण मंडळी मान खाली घालून मोबाइल काढतील, कारण त्यांना वाटतं हे देवघरातलं प्रकरण. विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात तेव्हा नट दिसतच नाही, तुकारामच दिसतात, हे खरंच आहे. पण चित्रपट खाऊन टाकते ती जिजाई. गौरी नावाची, प्रभातमध्ये साध्या कामाला असलेली बाई, तिच्याकडून त्यांनी हे काम करून घेतलं. नवरा देवाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही, पोर आजारी. ती पोराला फरफटत देवळात नेते आणि विठोबालाच पायातलं काढून दाखवते. भक्तिपटात, १९३६ साली! नवरा विमानात बसून वैकुंठाला निघालाय आणि हिला चूल आणि घरची कामं दिसताहेत. चमत्कारांची सगळी दृश्यं आता जुनी वाटतात, धान्याचा वर्षाव पाहून पोरं हसतील, हसू द्या. जिजाई जुनी वाटत नाही. असली बाई आपल्या प्रत्येक मजल्यावर एक तरी आहे. गिरगावात सेंट्रल सिनेमाला हा चित्रपट वर्षभराहून जास्त चालला, व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, आणि त्यातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं असूनही लोक तुकोबांचा अभंग समजून गातात. आपल्याच भजनी मंडळाच्या वहीत ते तुकोबांच्या नावावर आहे. बघून घ्या.

दुसरी रात्र ‘मुंबईचा जावई’ला. १९७०, राजा ठाकूर. बासू चटर्जींनी यावरून दोन वर्षांनी ‘पिया का घर’ केला, तो हिंदी पुष्कळांनी पाहिलाय, मूळ मराठी पोरांना माहीतच नाही. लग्न होऊन मुलगी चाळीतल्या भरल्या घरात येते आणि नव्या जोडप्याला दोन घटका एकटं बसायला जागा नाही, एवढीच गोष्ट. रिहॅब विंगमधले आपण सगळे दहा बाय बाराच्या खोलीतून इथे आलो. रात्री अंथरुणं कुणाची कुठे पडायची, पाहुणा आला की गॅलरीत कोण, नवी सून आली की सासू-सासरे अचानक ‘गरम होतंय’ म्हणून बाहेर का झोपायचे, हे ज्यांनी पाहिलं ते अजून जिवंत आहेत आणि त्यांना बोलायचंय. हा चित्रपट थोर वगैरे नाही. काही प्रसंग नाटकासारखे ताणले आहेत, शेवट तर गोडगोड. पण आपल्या चाळीच्या गल्लीत गणपतीला पडदा बांधून असलेच चित्रपट दाखवायचे. सोळा एमएमचा प्रोजेक्टर, मधे रीळ बदलायला थांबायचं, तेवढ्यात खाली मुतायला जाऊन यायचं. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. तिथून नावं उलटी दिसायची आणि प्रत्येक नायक डावखुरा. त्यातला कुणी एक आजही शपथेवर सांगेल की अमुक नट डाव्या हातानं जेवायचा.

तिसरी रात्र ‘सिंहासन’. जब्बार पटेल, १९७९, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. ‘मुंबईचा जावई’तला अरुण सरनाईक इथे मुख्यमंत्री झालाय, त्याची खुर्ची ओढायला श्रीराम लागू टपलेले, कामगार पुढारी सतीश दुभाषी, आणि सगळं बघत फिरणारा बातमीदार निळू फुले. आयुष्यभर पाटील नि सरपंच होऊन बायकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसानं इथे आवाज चढवलेला नाही. फक्त बघतो. शेवटी त्याचं जे होतं ते पाहिल्यावर संध्याकाळच्या बातम्या लावाव्याशा वाटत नाहीत. कबूल, मधे मधे माणसं फार येतात, कोण कुणाच्या गटात हे समजायला वेळ लागतो. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात राहिलेल्या माणसाला त्याचा सराव झालेला आहे.

समितीची अडचण मला माहीत आहे. मंडपाच्या कमानीवर ज्यांचे फोटो आहेत, ज्यांनी खुर्च्यांचे पैसे दिले, ते साहेब एखाद्या रात्री दर्शनाला येतात. त्यांना नेमकं ‘सिंहासन’च्या रात्री बोलवा. पहिल्या रांगेत मधली खुर्ची द्या.

‘लालबाग परळ’ का नाही, असं कुणीतरी विचारेल, म्हणून सांगते. जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक ज्यांनी पाहिलं त्यांना त्यावरचा हा चित्रपट फार ओरडतो असं वाटतं, मलाही वाटलं. गिरणी संपात ज्यांची घरं बसली त्यांच्या घरात इतका आवाज नव्हता. ‘कोर्ट’ मला फार आवडला. दिवसभर कायद्याची कलमं वाचून संध्याकाळी पोराला घेऊन घरी जाणारी, स्वयंपाकाला लागणारी ती सरकारी वकीलबाई मी रोज लोकलमध्ये पाहिली आहे. पण त्यात कॅमेरा एका जागी ठेवून दिलेला असतो, माणसं निघून गेली तरी तो तिथेच. मंडपात लोक म्हणतील, अडकला. ‘पिंजरा’ची मागणी दरवर्षी लावणीसाठी होते. गुरुजींना गुरुजींच्याच खुनासाठी फाशी होते आणि गाव त्यांचा पुतळा पूजतं, एवढी जबरदस्त थट्टा शांतारामबापूंनी केली आणि लोकांना फक्त संध्याबाईंचे पाय आठवतात. त्यात भर म्हणून गुरुजी बिघडले ते बाईमुळे, असं अजून म्हणणारे आहेत. पुढच्या वर्षी पाहू. ‘मेरा नाम जोकर’ला दोन मध्यंतरं आहेत; पहिल्या मध्यंतराला घरी जायचं, शाळकरी ऋषी कपूर पाहून झाला की बास.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी. घरात पाहायला घेतलेली डीव्हीडी किंवा यूट्यूबवरची प्रत मंडपात दाखवायला चालत नाही, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. फ्लेक्सवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा इकडे वळवा. पहिल्या दोन रांगा ‘मान्यवरांसाठी राखीव’ ठेवू नका. मान्यवर येत नाहीत आणि गुडघे दुखणाऱ्या बायका मागे उभ्या राहतात. प्रायोजकाची घोषणा चित्रपटाच्या आधी, मध्ये नाही. कुणाची गाडी कुणाच्या गाडीपुढे लागली हेही माइकवरून सांगू नका, वॉचमनला सांगा.

आपली,
रिहॅब विंगमधली एक प्रेक्षक

ता.क. ‘संत तुकाराम’ आणि ‘श्यामची आई’ जवळपास चौकोनी चौकटीतले आहेत. मागच्या खेपेला एक जुना चित्रपट पडदा भरावा म्हणून आडवा ताणून दाखवला होता, सगळी माणसं बुटकी आणि जाड. पागनीसांचा तुकाराम वारकरी आहे, लाल मातीतला पैलवान करू नका. प्रोजेक्टरच्या रिमोटवर त्यासाठी बटण असतं. सी विंगमधल्या कुठल्याही आठवीतल्या पोराला विचारा, तो दाबून देईल.